शीग, सपाटी आणि फेस : माप आणि वजन ह्यांच्या मधल्या जागेचा इतिहास

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण सहज लिहितो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर हा शब्दप्रयोग रोजचाच. पण शीग म्हणजे काय, असे पदवीच्या वर्गात विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. बहुतेकांना ती एखाद्या शिखराची किंवा शिंगाची जातभाई वाटते. शीग म्हणजे धान्याचे माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या तोंडावर आणखी धान्य ओतून जी निमुळती रास उभी राहते, ती. दाणे घरंगळून खाली पडू लागले की समजावे, शीग पुरी झाली. ‘शिगोशीग भरणे’ हा प्रयोग तिथलाच. म्हणजे वाङ्मयात उत्कटतेचे परिमाण म्हणून आपण जी संज्ञा वापरतो, ती मुळात खळ्यावरची आणि बाजारातली आहे.

हा शब्द आठवण्याचे निमित्त मात्र धान्याचे नाही, आईस्क्रीमचे आहे. नगरच्या (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगरच्या) सावेडी उपनगरात, प्रोफेसर कॉलनीपासून गुलमोहर रोड आणि पाइपलाइन रोडपर्यंत, उन्हाळ्याच्या संध्याकाळी आईस्क्रीमच्या दुकानांतून गर्दी असते. तेथे लिटरचा डबा मिळतो, अर्ध्या लिटरचा मिळतो, शंभर मिलिलिटरचा कप मिळतो. त्याच रस्त्यावर मिठाईच्या दुकानात श्रीखंड, बासुंदी आणि पेढे मात्र किलोने मिळतात. श्रीखंड आणि आईस्क्रीम ही दोन्ही दुधाचीच अपत्ये. दोन्ही चमच्याने खाण्याची, दोन्ही धड घट्ट नाहीत आणि धड पातळही नाहीत. मग एकाला तराजू आणि दुसऱ्याला माप, हा भेद कशासाठी? आणि एक लिटर आईस्क्रीम म्हणजे किती ग्रॅम? वरवर हा प्रश्न पाकशास्त्राचा किंवा शालेय गणिताचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा आहे, आणि मराठी भाषेने त्याचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे.

दोन शेरांची भाषा

दशमान पद्धती येण्यापूर्वी मराठी मुलखात शेर एक नव्हता, दोन होते : वजनी शेर आणि मापी शेर. वजनाच्या कोष्टकात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. मापाचे कोष्टक निराळे होते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायल्यांचा मण कोठे बारांचा तर कोठे सोळांचा, आणि वीस मणांची खंडी. शेर आणि मण ही नावे दोन्ही कोष्टकांत आढळतात, परंतु त्यांचा अर्थ एक नाही. वजनाचा शेर लोखंडात असतो, मापाचा शेर पोकळीत असतो. एक भार सांगतो, दुसरा जागा सांगतो.

ह्या दोन शेरांचे परस्परांत रूपांतर कसे करावे, ह्याला एक उत्तर नव्हते, कारण ते असूच शकत नाही. पायलीभर ज्वारी, पायलीभर बाजरी आणि पायलीभर साळ ह्यांची वजने वेगवेगळी येतात. इतकेच काय, तेच धान्य अलगद ओतले तर कमी मावते आणि माप आपटून, हलवून भरले तर अधिक मावते. दाण्यादाण्यांच्या मध्ये जी फट राहते तिच्यात वारा असतो, आणि तो वारा किती हे दाण्याच्या आकारावर आणि भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. माप धान्याबरोबर हा वाराही मोजते. तराजूला तो दिसत नाही.

आपल्या गणितपरंपरेला ही गोष्ट पुरती ठाऊक होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आरंभीच परिभाषा येते. तीत तोलण्याची एकके वेगळी आणि धान्य मापण्याची वेगळी आहेत. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशा पात्रात मावेल ती मगध देशातील खारी. तिचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. पुढे राशिव्यवहारात सपाट जमिनीवर पडलेल्या धान्याच्या राशीचे घनफळ काढण्याची रीत आहे : परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा आणि त्याला उंचीने गुणावे. ही उंची मात्र प्रत्येक धान्याची निराळी धरली आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दशांश, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी, तर कुसळे असलेल्या शूकधान्याची नवव्या भागाइतकी. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास अधिक उंच उभी राहते. ज्या गणितज्ञाने खगोलाचे गणित मांडले, त्याने खळ्यावरची रास किती उभी राहते हेही नजरेतून सोडलेले नाही. धान्याचे नाव सांगितल्याशिवाय मापाचे गणित सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

मापाडी

ह्या अनिश्चिततेच्या मध्यावर एक माणूस उभा असे. तो मापाडी. देणारा एका बाजूस, घेणारा दुसऱ्या बाजूस आणि धान्याच्या राशीशी मांडी घालून बसलेला मापाडी मध्ये. पहिले माप टाकताना तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. त्यानंतर दोन, तीन, चार. मोजणीचा आरंभ शुभशब्दाने व्हावा ही श्रद्धा त्यात होती, आणि आता मोजणी सुरू झाली, सर्वांनी लक्ष द्यावे, ही सूचनाही होती.

मापाड्याच्या हातात बरेच काही होते. शिगेचे माप द्यायचे की तोंडावरून फळी फिरवून सपाट द्यायचे? शीग असेल तर ती केवढी? येथे एक भूमितीही दडलेली आहे. सारखेच धान्य मावणारी दोन मापे घेतली, एक अरुंद आणि उंच, दुसरे पसरट आणि बुटके, तर सपाट भरताना दोन्ही सारखी; पण शिगेने भरताना पसरट मापावर कितीतरी अधिक धान्य बसते. देताना उभट माप आणि घेताना पसरट माप वापरले तर शेर तोच राहतो, न्याय मात्र बदलतो. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगाच जन्मला नाही. ‘वजनात पाप’ असे कोणी म्हणत नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तराजूतही लबाडी होते, दांडी मारली जाते. परंतु भाषेने पापाचे घर मापातच मानले, कारण पोकळी तेथे आहे.

दुसऱ्या बाजूने, शीग हे औदार्याचेही परिमाण होते. बलुतेदाराला खळ्यावर जे धान्य मिळे त्यात शीग असणे आणि नसणे ह्यांत त्याच्या वर्षाचा फरक पडे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथातील बलुत्याची व्यवस्था वाचताना विद्यार्थ्यांनी हा मुद्दा मनात ठेवावा, असे आम्ही सुचवू. नववधूने उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात यावे, ह्या विधीतही तेच तांदळाने भरलेले माप आहे. भरलेले माप म्हणजे भरलेले घर. वजनाच्या काट्याला असे भाग्य लाभलेले नाही.

नगरच्या आडते बाजारात आणि दाळमंडईत आज सगळा व्यवहार काट्यावर होतो. तरी मराठीतून मापाडी गेला नाही. हमालांच्या आणि तोलणाऱ्यांच्या राज्यव्यापी संघटनेच्या नावात, ‘हमाल मापाडी महामंडळ’ ह्या नावात, तो शब्द टिकून आहे.

लिटर आणि किलो

सन १८३३ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा आणि ८० तोळ्यांचा शेर ठरवून दिला, परंतु गावोगावचे शेर त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. मुंबई इलाख्यासाठी १९३२ मध्ये वजनमापांचा स्वतंत्र कायदा झाला. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५६ चा वजनमापांच्या प्रमाणकांचा कायदा, १ एप्रिल १९५७ ची दशमान नाणी आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली मेट्रिक वजने ह्यांनी काही वर्षांतच शेर, मण, पायली ह्यांना कायद्याच्या पुस्तकातून बाहेर काढले. शेराचे ९३३ ग्रॅम झाले, मणाचे ३७ किलो ३२४ ग्रॅम. हे रूपांतर वजनाचे वजनात होते, म्हणून ते कोष्टकात बसले. मापी शेराचे किलो किती, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला. म्हणूनच ग्रामीण भागात पायली आणि चिपटे पुष्कळ वर्षे चालू राहिले, आणि स्वयंपाकघरात तर माप हटलेच नाही. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) मराठी घरांना जे पदार्थ शिकवले, ते वाटी-चमच्याच्या भाषेत शिकवले. ती मापाची भाषा आहे.

मेट्रिक पद्धतीनेही हे दोन शेर एकत्र आणण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात ही पद्धती घडली, तेव्हा एक लिटर पाण्याचे वजन ते एक किलो अशी कल्पना होती. १९०१ मध्ये उलट दिशेने, एक किलो शुद्ध पाणी व्यापील ती जागा म्हणजे लिटर, अशी व्याख्या झाली. तेव्हा तो लिटर घन डेसिमीटरपेक्षा अगदी थोडा मोठा भरू लागला. अखेर १९६४ मध्ये ही व्याख्या सोडून देऊन लिटरला पुन्हा निखळ जागेचे माप केले गेले. २०१९ पासून किलोची व्याख्याही एका भौतिक स्थिरांकावर आधारलेली आहे. पाण्यासारख्या एकजिनसी पदार्थाच्या आधारेही जागा आणि भार ह्यांची गाठ कायमची बांधता आली नाही. मग दुधाचे काय, आणि गोठवलेल्या दुधाचे काय?

दुधाचा फेस

नगर जिल्हा हा राज्यातील मोठा दूध उत्पादक जिल्हा. संगमनेर, राहुरी, राहाता, श्रीरामपूर ह्या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रांवर कॅन येतात. दुधाचा भाव लिटरवर सांगितला जातो, परंतु दूध आता बहुधा काट्यावर ठेवले जाते. दूध पाण्यापेक्षा जड आहे. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. काट्यावर शंभर किलो दूध आले तर ते शंभर लिटर नसते, ९७ लिटरांच्या आसपास असते. हा भागाकार यंत्रात आधीच भरून ठेवलेला असतो. तो १.०३ ने होतो की आणखी कशाने, हे कॅन घेऊन आलेल्या माणसाला दिसत नाही. दिवसाला वीस-तीस लिटर घालणाऱ्याचा महिन्याचा हिशेब मात्र त्या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर हलतो.

हे येथेच थांबत नाही. दुधाच्या अंगचे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थही मोजले जातात. राज्यात गायीच्या दुधाचा भाव साधारणतः ३.५ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ धरून ठरतो. त्याखाली गेले की भाव कापला जातो. १ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातील पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि रस्त्यावर दूध ओतले गेले, तेव्हा दुधाचा भाव हीदेखील त्या संपाची एक मागणी होती. ज्याचे दूध बिंदूबिंदूने तपासले जाते, त्याने ते मातीत ओतावे, ह्यातला संताप समजून घ्यायचा असेल तर आधी ही मोजणी समजून घ्यावी लागते.

ह्या मोजणीत एक जुना वाद आहे, तो फेसाचा. ताज्या धारेचे दूध मापाने घातले तर त्यावर फेस असतो. फेस म्हणजे दुधात अडकलेली हवा. घेणारा म्हणतो, फेस बसू दे, मग माप भर. त्याचे म्हणणे न्याय्य आहे, कारण फेसाचे पैसे कोणी का द्यावेत? काट्यावर हा वाद आपोआप मिटतो, फेसाला वजन नसते. थोडक्यात, शेतकऱ्याच्या दुधातून हवा वगळण्याची व्यवस्था आपण उत्तम रीतीने पूर्ण केली आहे.

गोठवलेला फेस

आता आईस्क्रीमकडे वळू. शास्त्राच्या भाषेत आईस्क्रीम हा गोठवलेला फेसच आहे. दूध, साय, साखर ह्यांचे मिश्रण थंड करताना घुसळले जाते, त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे शिरतात आणि तेथेच गोठून राहतात. ही हवा लबाडीची नव्हे. ती नसेल तर आईस्क्रीम दगडासारखे होईल, चमचा शिरणार नाही, जिभेला थंडीचा चटका बसेल. प्रश्न हवा असण्याचा नाही, ती किती आणि कोणाच्या हिशेबात, ह्याचा आहे.

पूर्वी हे प्रमाण हाताच्या वेगाने ठरे. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन हिने १८४३ मध्ये हाताने फिरवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडचे पॉट आईस्क्रीम त्याच कुळातले : लाकडी बादली, मध्ये धातूचे भांडे, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मीठ घातल्याने बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि हँडल फिरवता फिरवता भांड्यातले दूध गोठते. हात सावकाश फिरतो, म्हणून हवा थोडी शिरते. कुल्फीत तर घुसळणे नाहीच. आटवलेले दूध साच्यात भरायचे आणि गोठवायचे. म्हणून कुल्फी आकाराने लहान आणि हाताला जड. मुंबईत चौपाटीसमोर कुल्फी कापून तराजूवर तोलून विकण्याची प्रसिद्ध रीत आहे. तेथे गिऱ्हाईक जितके ग्रॅम खातो तितके दूधच खातो. विसाव्या शतकात अखंड चालणारी गोठणयंत्रे आली, त्यांत हवा दाबाने सोडता येऊ लागली आणि हवेचे प्रमाण हाताकडून कारखान्याच्या निर्णयाकडे गेले. मिश्रणाचे आकारमान जितक्या टक्क्यांनी फुगते त्यास ह्या धंद्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचे दोन लिटर आईस्क्रीम झाले तर ओव्हररन शंभर टक्के.

कायद्याने ह्याला तळ घालून दिला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनुसार आईस्क्रीमचे वजन लिटरमागे ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. त्यात दुधातील स्निग्धांश किमान १० टक्के, प्रथिने ३.५ टक्के आणि एकूण घनपदार्थ ३६ टक्के असावेत. मध्यम आणि कमी स्निग्धांशाच्या प्रकारांना हा तळ ४७५ ग्रॅमचा आहे. अमेरिकेतही असा नियम आहे. तेथे गॅलनला साडेचार पौंड, म्हणजे लिटरला सुमारे ५४० ग्रॅम.

आता रूपांतर करून पाहू. गोठण्यापूर्वीचे मिश्रण लिटरला साधारण १.१ किलो भरते. ५२५ ग्रॅम मिश्रण म्हणजे अर्ध्या लिटरहूनही थोडे कमी. गोठताना पाणी किंचित फुगते ते जमेस धरले, तरी कायद्याच्या तळाला टेकलेल्या लिटरच्या डब्यात सुमारे निम्मी हवा असते. शंभर मिलिलिटरच्या कपात साडेबावन्न ग्रॅम. समजा, दोन डबे प्रत्येकी एक लिटरचे आणि प्रत्येकी २४० रुपयांचे आहेत. एकात ५२५ ग्रॅम माल आहे, दुसऱ्यात ७५० ग्रॅम. लिटरच्या भावाने दोन्ही सारखे. किलोच्या भावाने पहिला ४५७ रुपये पडतो, दुसरा ३२० रुपये. दोघांनीही कायदा पाळला आहे. तेव्हा मिलिलिटरचे ग्रॅम करण्याचे एकच सर्वांना लागू पडणारे सूत्र कोणी सांगत असेल तर ते मानू नये. ज्या मालाचे रूपांतर करायचे त्याची घनता ठाऊक हवी. काही वेष्टनांवर मिलिलिटरबरोबर ग्रॅमही छापलेले असतात. तेथे ग्रॅमला मिलिलिटरने भागले की डब्यातली गोष्ट उघड होते. उत्तर ०.५२५ च्या जवळ आले तर हवा अधिक, एकाच्या जवळ सरकू लागले तर दूध अधिक. ग्रॅम छापलेले नसतील तर घरचा काटा आहेच. भरल्या डब्यातून रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे.

मधली जागा कोणाची?

माप आणि वजन ह्यांच्या मध्ये नेहमीच एक जागा असते, आणि ती कोणाच्या पदरात पडते ह्यावरून त्या व्यवहाराचे चारित्र्य कळते. शीग मापाच्या वर, बाहेर, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभी राहत असे. घेणारा ‘शीग नीट भर’ म्हणू शके, देणारा ‘पुरे’ म्हणू शके, मापाडी दोघांकडे बघून हात आवरता घेई. अन्याय होत असे, पण तो दिसत असे, आणि दिसत असल्यामुळे त्याला म्हणी मिळाल्या. आईस्क्रीमच्या डब्यातला फेस आत असतो. तो ना विकणाऱ्या दुकानदाराला दिसतो, ना घेणाऱ्याला. ज्याच्याकडे तक्रार करावी असा मापाडीही समोर नाही.

आणि येथेच ह्या विषयातली खरी विसंगती आहे. राहुरी-संगमनेरकडचे दूध कारखान्यात जाते तेव्हा त्यातला फेस काटेकोर वगळला जातो, स्निग्धांश दशांशापर्यंत मोजला जातो, भार बघितला जातो. तेच दूध सावेडीच्या दुकानात डब्यातून परत येते, तेव्हा भाव जागेचा लागतो. जाताना वजनी शेर, येताना मापी शेर. दूध घालणाऱ्याचा मुलगा शिकायला नगरात राहतो आणि मित्रांबरोबर शंभर मिलिलिटरचा कप घेतो. त्याच्या बापाला ज्या फेसाचे पैसे कोणी देत नाही, त्याच फेसाचे पैसे तो मोजतो. कायदा ह्यात मोडलेला नाही. फक्त कोणत्या टोकाला कोणता शेर लावायचा, हे ठरवण्याचा अधिकार दोन्ही वेळा एकाच बाजूकडे आहे.

भाषेच्या अध्यापकांनी ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा भेद ओळखण्याची शक्ती मराठीत होती, आणि ती शब्दांबरोबर क्षीण होत आहे. ‘मापी’ आणि ‘वजनी’ ही विशेषणे ज्या समाजाच्या तोंडी होती, त्याला लिटरचा डबा हातात घेताच ‘हा मापी की वजनी?’ असा प्रश्न सुचला असता. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडून एक आठवडा वर्गात केवळ मापांचे शब्द वाचावेत : निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शीग. मग त्याच विद्यार्थ्यांना आईस्क्रीमचा एक डबा काट्यावर ठेवायला सांगावे, वितळू द्यावा, आणि पातळी कुठवर खाली येते ते पाहू द्यावे. ‘शिगेला पोहोचणे’ ह्या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग त्यानंतर ते निराळा करतील, अशी आमची अपेक्षा आहे.